म्हसोबाच्या वळणावरचा हॉर्न

१

"ज्या धंद्यापायी नवऱ्याचं जेवण कमी व्हतं आन् फोन वाढतो, त्या धंद्याच्या मालकाला एकदा घरी जेवायला बोलवून बघ, प्राची. चार घास खाताना माणूस कळतो."

ठमाबाई लसूण सोलता सोलता हे बोलल्या, तेव्हा फेब्रुवारी होता. प्राची हसली होती. "आई, आता मालक जेवायला येत नसतात. सगळं मोबाईलवर असतं," म्हणत तिने सासूचं बोलणं पदराला लागलेल्या धुळीसारखं झटकून टाकलं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या सुनेने भाकरीवरून कंपनी पारखायची, म्हणजे अतीच झालं.

कंपनीचं नाव वीजरथ. विजेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारी. शेअर अजून बाजारात आलेला नव्हता, म्हणून 'आतल्या भावात' मिळत होता. जूनमध्ये बाजारात आला की दसपट, असं पप्पू सांगे. पप्पू हा प्राचीच्या नवऱ्याचा, अमृतचा, शाळेपासूनचा मित्र. तो पुण्याहून गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून परत आला होता. दसपट का, तर या गाडीला ड्रायव्हर लागत नाही. ती स्वतःच चालते. येडगाव परिसराच्या ग्रुपवर चारशे बारा माणसं होती आणि सकाळी उठून लोक दुधाच्या आधी वीजरथची विचारपूस करत होते. अमृतने मार्चमध्येच रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई त्यात घातली होती. प्राचीला तो म्हणाला होता, "अर्धीच घातलीय." प्राचीने मान डोलावली होती आणि त्या रात्रीपासून तिची झोप मोडली होती.

एप्रिलमधल्या रविवारी गाडी प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं. बरोबर बारा वाजता धरणाच्या भिंतीपासून पांढरी गाडी निघाली. काळसर काचा, आणि चालकाची जागा रिकामी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोरी बांधून माणसं वीस फूट लांब ठेवलेली. "जवळ गेलं की सेन्सर गोंधळतात," पप्पू माईकवरून बजावत होता. गाडी शेळ्यांसाठी थांबली, गतिरोधकावर दबकली, कालव्यावरच्या अरुंद पुलावरून सुतासारखी सरळ गेली. पावणेएकला ती हितेशच्या कांद्याच्या गोदामात आपली आपण शिरली आणि शटर खाली आलं. मांडवात डीजे सुरू झाला.

"आता पोलीस लायसन कुणाचं मागणार रं?" कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला.

प्राची चार वर्षांच्या आरोहीला घेऊन घरी आली. तिला निजवलं. सव्वादोनला दारात साळुबाई उभी राहिली.

"वैनी, आमचं माणूस हितं आलंय का?"

तिचं माणूस म्हणजे बहिरू. शाळेची व्हॅन चालवणारा, आरोहीला रोज घेऊन जाणारा आणि आणून सोडणारा.

"सकाळी नवाला गेलं. अर्ध्या दिसाचं काम हाय, जेवायला घरी येतो म्हणलं. मांडवात अमृतभाऊंना इचारलं, तर म्हणले पुण्याला भाडं घेऊन गेलाय." साळुबाईने दाराच्या चौकटीला हात टेकला. "आता तुमीच सांगा. व्हॅन दारात उभी, चावी खुंटीला. भाडं काय डोक्यावर घेऊन गेलं?"

"फोन?"

"वाजतोय. उचलीत न्हाई."

"परत लावा."

साळुबाईने फोन लावला. बारीकशी रिंग ऐकू आली. ती प्राचीच्याच पडवीतून येत होती. अमृतच्या स्कूटरच्या डिक्कीतून.

२

दुसरी चावी देवळीत असायची. प्राचीने डिक्की उघडली. आत बहिरूचा काच तडकलेला मोबाईल होता. त्याखाली त्याचं घड्याळ, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला.

साळुबाईने चपला उचलून छातीशी धरल्या. चपला, घड्याळ, फोन काढून ठेवून माणूस कुठे जातो, हे धरणाकाठच्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

"वैनी, पाण्यात तर..."

"थांबा. पाण्यात जाणारा माणूस काठावर ठेवतो. दुसऱ्याच्या डिक्कीत कुलूप लावून नाही ठेवत," प्राची म्हणाली. ती हे साळुबाईला सांगत होती की स्वतःला, तिचं तिलाच कळेना. कारण दुसरा म्हणजे तिचाच नवरा होता. "काम कसलं म्हणाले होते?"

"सांगितलं न्हाई. पैसं बी घेनार नव्हतं. कामाच्या बदली त्या गाडीचे शेर देनार म्हणं. लई खुशीत व्हतं. म्हणलं, साळे, जूनमधी आपून बी दसपट."

प्राचीने अमृतला फोन लावला. रिंग जाऊन जाऊन थांबली. तो पप्पूच्या गाडीतून नारायणगावच्या हॉटेलात बैठकीला गेला होता. गाडी पाहून डोळे दिपलेले लोक तिथे नावं नोंदवणार होते.

प्राचीने हाताला काम दिलं. तिने दुपारी आपल्या मोबाईलवर घेतलेलं गाडीचं चित्रण उघडलं. बारा ते पाऊणपर्यंत सगळं गाव रस्त्यावर होतं. कोण कुणाजवळ उभं होतं, बहिरू शेवटचा कुणाबरोबर दिसला, एवढं तरी कळेल. तिने एकेक चेहरा थांबवून पाहिला. सरपंच होते, देवळातला पुजारी होता, अंथरुणाला खिळलेले शेजारचे तात्यासुद्धा खुर्चीत आणून बसवलेले होते.

बहिरू कुठेच नव्हता. गाड्यांचं वेड असलेला, नवी गाडी दिसली की व्हॅन थांबवून मुलांना दाखवणारा बहिरू, गावातली सर्वांत नवलाची गाडी पाहायला आलाच नव्हता.

तिने चित्रण पुन्हा सुरू केलं. आतल्या खोलीतून आरोही डोळे चोळत आली, आणि मोबाईलमधून आवाज आला तशी तिने झोपेतच दोन्ही हात जोडले.

३

"काय गं झालं?" प्राचीने विचारलं.

"बाप्पा आला ना," आरोही म्हणाली. "बहिरूकाका वाजवतात तेव्हा नमस्कार करायचा असतो."

प्राचीने चित्रण मागे नेलं. ते घेताना ती उभी होती म्हसोबाच्या वळणावर. वळणाशी शेंदूर फासलेला दगड, वर पत्र्याचं छप्पर. या रस्त्यावरचा कुठलाही ड्रायव्हर, टेम्पोवाला असो की उसाचा ट्रॅक्टर, म्हसोबापुढून हॉर्न दिल्याशिवाय जात नाही. तो रामराम असतो. इतका सवयीचा, की ऐकणाऱ्याला ऐकूच येत नाही.

पांढरी गाडी वळणावर आली. रस्ता मोकळा. माणूस नाही, जनावर नाही, समोरून वाहन नाही. आणि हॉर्न वाजला. दोन आखूड, मग जरा थांबून एक लांब.

दुपारी शंभर माणसांनी तो ऐकला होता. तिने स्वतः ऐकला होता. कुणालाच काही वाटलं नव्हतं, कारण म्हसोबापुढे हॉर्न वाजणं म्हणजे सूर्य उगवण्यासारखं. सगळे गाडीला ड्रायव्हर नाही हे पाहत होते आणि गाडी ड्रायव्हरासारखी देवाला रामराम करत होती.

"साळुबाई, बाकीचे इथं हॉर्न कसा वाजवतात?"

"दोनदा. पीं पीं."

"आणि बहिरूभाऊ?"

साळुबाईने चपला मांडीवर ठेवल्या. "दोनदा म्हसोबाला," ती हळूच म्हणाली, "आन् एक लांब, आमचा थोरला पोरगा गेला त्याच्यासाठी. तिथंच गेला व्हता."

यंत्राला शेळ्या शिकवता येतात, गतिरोधक शिकवता येतात. पण साळुबाईचा थोरला कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असणार?

"अगं पण सीट रिकामी व्हती की!" मागून ठमाबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नव्हतं. "म्या माझ्या डोळ्यांनी बघितली."

प्राचीने चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. रिकामी सीट. शेजारच्या सीटपेक्षा चांगली वीतभर फुगीर. आणि तिच्या बगलेत, शिवणीवर, पिवळ्या कापडाचा एक चौकोनी तुकडा.

तो तुकडा तिच्या ओळखीचा होता. तसाच बहिरूच्या व्हॅनमध्ये प्रत्येक सीटला होता.

४

नारायणगावच्या रामदासचं सीट कव्हरचं दुकान. आपल्या हातच्या प्रत्येक कामाला तो पिवळा टॅग शिवतो. परदेशी यंत्रं बसवलेल्या कंपनीच्या कोऱ्या गाडीत रामदासचा टॅग कसा?

"बोला वैनी!" रामदासने फोन उचलला. मागे शिलाई यंत्राची खडखड चालली होती. "स्कूटरचं सीट उसवलं का काय?"

"वीजरथच्या गाडीची सीट तुम्ही केलीत?"

खडखड थांबली. "कुनाला बोलू नका म्हणले व्हते, पण तुमी घरच्याच. केली की. लई किचकट काम, राव. आतून पोकळ, बाजूनं हात घालायला दोन बोगदे, वरच्या अंगाला आरपार दिसंल अशी जाळी, मागं पाठीला चेन. म्हणलं आत काय घालायचंय? म्हणले, यंत्र. म्हणलं असंल बाबा." तो हसला. "पन यंत्राचं माप बघून मला हसूच आलं. उंची पाच फूट तीन इंच आन् पोटाला सदतीस! म्हणलं, यंत्र जरा जेवण कमी करंल तर बरं."

साळुबाईने तोंडाला पदर लावला. बहिरू बुटका होता आणि पोट सुटलेला.

"चेन आतून उघडते?"

"न्हाई. आतून हात पोचत न्हाई. भाईरूनच. वरनं छातीचा पट्टा बी हाय, यंत्र हालू नये म्हणून."

प्राचीने डिक्कीतल्या वस्तू एकेक आठवल्या. चपला काढल्या, पाय मागेपुढे अडकू नयेत म्हणून. घड्याळ काढलं, काचेतून चमकू नये म्हणून. फोन काढला, सीट वाजू नये म्हणून.

"रामदासभाऊ, माप कुणी आणून दिलं? पप्पूने?"

"आता मलाच काय इचारता, वैनी?" रामदास म्हणाला. "तुमच्या मालकांनीच दिलं की."

५

आरोहीला ठमाबाईंजवळ ठेवून दोघी निघाल्या. गोदाम पाच मिनिटांवर. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. पळता पळता प्राची मनाला एकच गोष्ट बजावत होती. गाडी गोदामात शिरली, शटर पडलं, म्हणजे त्याला तेव्हाच बाहेर काढलं असणार. काढलंच असणार. मग तो अडीच वाजेपर्यंत अनवाणी कुठे हिंडतोय?

हितेश गोदामापुढे खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या आजोबांपासून कांद्याचा व्यापार. शेअरचे कागद त्यानेही घेतले होते, आणि गोदामही फुकट दिलं होतं.

"हितेशभाऊ, शटर पडल्यावर आत कोण गेलं?"

"कोणीच नाही, वहिनी. शटरची किल्ली पप्पूकडे. मागच्या दाराला माझंच कुलूप आहे. हात लावू नका म्हणालाय, बॅटरी भडकते म्हणे."

"पप्पू परत आला होता?"

"त्याला लोकांनी खांद्यावरच घेतलं ना. तसाच नारायणगावला गेला, अमृत पण त्याच्याबरोबरच." हितेशला काहीतरी आठवून हसू आलं. "गंमत सांगू? एकच्या सुमारास गाडी आत एकटीच हॉर्न वाजवत होती. सारखी. पाऊण तास वाजवत होती. आम्ही म्हटलं, अपडेट होतंय. डीजेवाला म्हणाला, झोपेत बोलतीय बघा. काय हसलो आम्ही!"

"मग?"

"मग थांबली की आपोआप."

साळुबाईने शटरवर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

त्याच क्षणी प्राचीचा फोन वाजला. अमृत.

"अगं इकडे एवढी गर्दी आहे, सारखी फोन काय..."

"बहिरूला सीटमधून बाहेर कुणी काढलं?"

अमृत भांड्यांच्या आवाजातून बाजूला झाला. मग अमृत खालच्या सुरात म्हणाला, "तुला कसं... हे बघ, सॉफ्टवेअर तयार आहे. फक्त सरकारी परवानगी जूनमध्ये येणार, तोवर दाखवण्यापुरतं..."

"अमृत!" आठ वर्षांच्या संसारात तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "त्याला कुणी काढलं?"

"पप्पूने. शटर पडलं की पाच मिनिटांत आत जाऊन तो..." अमृतचा आवाज फोनपासून लांब गेला. "पप्पू, बहिऱ्याला काढलंस ना रे?"

आणि दुसरा आवाज, अगदी स्पष्ट:

"मी? मला तर माणसांनी उचललं. मला वाटलं, तू काढलास."

६

हितेशने मागच्या दाराचं कुलूप काढलं. आतून भट्टीचा झोत आला. वर पत्रा, आणि कांद्याचा उग्र दर्प. गाडीच्या काळसर काचांतून आतलं काही दिसत नव्हतं. साळुबाईने दार ओढून पाहिलं. दारं बंद.

"बॅटरी भडकली तर?" हितेश म्हणाला.

"भडकू दे," प्राची म्हणाली.

हितेशने वजनकाट्याजवळचं पाच किलोचं वजन उचललं आणि दोन घावांत काच फोडली. रिकामी सीट तशीच ताठ बसलेली. एवढ्या जवळून पाहिल्यावर तिला खांदे होते. बाजूच्या बोगद्यांतून काळे हातमोजे बाहेर लोंबत होते आणि ते हलत नव्हते.

चेन अडकली होती. साळुबाईने पोती शिवायचा दाभण घेतला आणि कापड छातीपासून खालपर्यंत उभं फाडलं. रामदासचं काम पक्कं होतं, फाटता फाटेना. ती फाडत होती आणि शिव्या देत होती, म्हसोबाला, जूनला, दसपटीला, आणि सगळ्यात जास्त बहिरूला.

आतला चेहरा कोरडा होता. घाम संपून गेलेला. ओठ फुटलेले. प्राचीने मानेवर बोटं ठेवली आणि काही लागेना. तिने डोळे मिटले, स्वतःचा श्वास थांबवला, पुन्हा ठेवली. अगदी खोल, घाईघाईने, काहीतरी उडत होतं.

"आहे!" ती ओरडली. "पाणी अंगावर ओता. तोंडात नाही, अंगावर!"

७

ते वाचवणं म्हणायचं की नाही, हे डॉक्टरांनी तीन दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बहिरूने डोळे उघडले. आवाज नीट परतला नव्हता. मूत्रपिंडांचं अजून सांगता येत नव्हतं. साळुबाईने त्याला विचारलं, असलं काम केलंसच का? तो तुटक तुटक म्हणाला, "म्हणले, ड्रायव्हर लागनारच न्हाईत हितून पुढं. म्हणलं मग... शेर तरी आसूद्यात."

ड्रायव्हर नसलेली गाडी खरी आहे, हे गावाला पटवायला त्याने स्वतः गाडी चालवली होती, आणि ती खरी आहे असं त्यालाही पटलेलं होतं. अमृतलाही. प्राचीला सर्वांत जास्त भीती याचीच वाटली. नवरा चोर असता, तर तिला कळला असता. तो भरवसा ठेवणारा निघाला.

तिने चित्रण, बहिरूचा मोबाईल, चपला, घड्याळ, सगळं पोलिसांच्या हवाली केलं. रामदासचा जबाब लिहून घेताना माप कुणी दिलं हा प्रश्न आला, तेव्हा ती तिथेच बसली होती. उत्तर तिने अडवलं नाही. पप्पू आणि अमृत दोघे आत गेले. अमृतने तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "मी खरंच समजलो की त्याने काढला." तिला ते खरं वाटलं.

भरपाई अर्धी नव्हे, सगळीच गेली होती. ठमाबाईंनी ते ऐकलं आणि चुलीपुढे बसून राहिल्या. "मी म्हणलं व्हतं," असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वीजरथचे चार गुंतवणूकदार रोज येत. बहिरूची चौकशी करत, मग हळूच विचारत, "पण बॅटरी तरी खरी व्हती ना? चाळीस मिनटं चालली की." ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ही अफवा दुसऱ्या कंपनीने उठवलीय, भाव पडला की स्वस्तात उचला. त्याखाली एकवीस अंगठे.

त्या दिवशी प्राचीने ग्रुपवर पहिल्यांदाच काही लिहिलं. शेअरबद्दल एक अक्षर नाही. तिने वेळा लिहिल्या. पावणेएकला शटर पडलं. एकपासून पावणेदोनपर्यंत हॉर्न वाजत होता. पावणेतीनला काच फुटली. मधल्या दोन तासांत त्या गोदामापुढून किती माणसं गेली, तेही तिने लिहिलं, आणि त्यात स्वतःला धरलं. ती तिथूनच आरोहीला कडेवर घेऊन घरी आली होती.

तुम्ही येडगावचे नसाल. वीजरथचं नावही ऐकलं नसेल. तरी प्राचीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीचं कुणीतरी आज 'अर्ध्या दिवसाचं काम आहे' म्हणून घराबाहेर पडलं असेल. टाकीत उतरायला, छतावर चढायला, कुणाच्या तरी गाडीवर. हे वाचणं बाजूला ठेवा आणि त्याला फोन लावा. उचलला नाही तर उठा, जाऊन बघून या. दुसरं कुणी गेलं असेल, असं समजू नका.